सातवी पायरी

"सर, चौदाही पानं केली. एकही पायरी सोडली नाही," शहाबाज म्हणाला. खांद्यावरची बॅग अजून उतरली नव्हती. नाशिकच्या हॉस्पिटलात प्रोग्रॅम बसवायला गेलेला तो पहाटेची एसटी पकडून थेट वारज्याच्या ऑफिसात आला होता.

"मग हॉस्पिटलवाल्यांनी हौस म्हणून परत पाठवलं का आपल्याला?" दत्तप्रसाद सर म्हणाले. "दोन दिवस बसून प्रोग्रॅम उभा राहिला नाही! अहो, पुस्तकात बघून लोक शिरासुद्धा करतात. कुसुमताईंनी लिहिलेलं वाचून करायचं, एवढंच तर होतं."

"माझंच काहीतरी चुकलं असेल, सर."

पलीकडच्या टेबलाशी कुसुमचा हात कीबोर्डवर तसाच राहिला.

मूळ कोडपासून प्रोग्रॅम तयार कसा करायचा, त्या सूचना लिहिणं आणि ताज्या ठेवणं हे तिचं काम. कोड सारखा बदलायचा. म्हणून दर सोमवारी ती काहीच न घातलेल्या एका कोऱ्या मशीनवर सगळ्या पायऱ्या स्वतः करून बघायची आणि मग पहिल्या पानावर लिहायची, 'तपासले : कुसुम', खाली तारीख. तीन तास मोडायचे. सोमवारचा उपास, सकाळी कसब्यात गणपतीला अकरा प्रदक्षिणा आणि हे; तिच्या लेखी तिन्ही नेमच.

गेल्या वर्षी ते कोरं मशीन नंदा नावाच्या नव्या मुलीला दिलं गेलं. तेव्हापासून ती नुसती तारीख बदलत होती. एकही सोमवार चुकला नव्हता.

दिवाळीनंतर कोडमधली लायब्ररी, म्हणजे बाहेरून घेतलेला तयार भाग, बदलल्याची मेल आली होती. सातव्या पायरीत नाव जुनंच राहिलं होतं. 'सावकाश बघू' म्हणून तिनं ती मेल बाजूला ठेवलेली, हे तिला आत्ता, सर बोलत असताना आठवलं.

बोलावं असं अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात सरांनी सूचनांचं पहिलं पान उचलून शहाबाजपुढे धरला. "ही तारीख बघा. याच सोमवारची. ताईंचं काम म्हणजे काम!"

त्या कौतुकानं तिचं तोंड बंद केलं.

शुक्रवारी शहाबाजचे प्रोबेशनचे सहा महिने भरले. कायम केल्याचं पत्र निघालं नाही. जाताना तो तिच्या टेबलाशी थांबला. "येतो मॅडम. दुआ करा." तिनं नुसती मान हलवली.

सोमवारी त्याच्या रिकाम्या ड्रॉवरमध्ये ती चौदा पानं सापडली. प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलीची बारीक खूण. सातवीपुढे मात्र खुणा करून खोडलेल्या, इतक्यांदा की कागद पातळ झाला होता. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'मॅडमनी तपासलंय. म्हणजे आपलंच चुकतंय. पुन्हा पहिल्यापासून.'

ती उठून सरांच्या केबिनमध्ये गेली. "सर, चूक शहाबाजची नव्हती. माझी होती. मी वर्षभर न तपासता तारीख घालतेय."

सर म्हणाले, "आता गेला ना तो? हॉस्पिटलनं कामही दुसऱ्यांना दिलं. आता कशाला उकरताय? सातवी नीट करा, आजची तारीख टाका आणि विषय मिटवा."

बाहेर येऊन तिनं शहाबाजला फोन लावला. सरांना सांगितलं तेच, त्याच शब्दांत सांगितलं. तो रागावला तर बरं होईल, असं तिला वाटलं.

"मॅडम," तो म्हणाला, "मग सातवी करायची तरी कशी होती? मला काही केल्या सुटेना."

ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"बघून सांगते," ती म्हणाली.

नंदा जेवायला निघाली होती. तिचं मशीन कुसुमनं मागून घेतलं. पहिल्या पानावरची तारीख खोडली, ती जागा मोकळीच ठेवली, शहाबाजचा कागद समोर घेतला आणि पायरी एकपासून सुरुवात केली.