ग्रीन ड्रेकमधली घंटा

आमच्या ग्रीन ड्रेक पबला कुणी नुसता 'गुत्ता' म्हटलं की माझं डोकं फिरतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी नाटकवाले गाडी घेऊन गावात यायचे, तेव्हा त्यांना थारा कुणी दिला? आमच्याच अंगणात पिंपांवर फळ्या टाकून नाटक व्हायचं आणि लोक वरच्या सज्जातून बघायचे. पुढे कुणीतरी त्या अंगणावर छप्पर घातलं, खुर्च्या मांडल्या आणि त्याला थिएटर म्हणायला सुरुवात केली. आमच्या वरच्या खोलीत एका नाटककारानं चार अंक लिहिले, पाचवा काही सुचेना, म्हणून तो तळघरात जाऊन बसला आणि तिथं त्याला तो सुचला, असं माझी सासू सांगायची. सुचणारच. बिअरची सगळी पिंपं तिथं होती.

थिएटरची आणि आमची भिंत अजून एकच आहे. त्या भिंतीतून एक तार येते आणि तिच्या टोकाला पितळी घंटा लटकते. नटाचा प्रवेश जवळ आला की विंगेतून तार ओढायची. मग नटानं ग्लास खाली ठेवायचा आणि आमच्या मागच्या दारानं सरळ रंगमंचाकडे निघायचं. माझ्या आजेसासूच्या काळापासून हे असंच चालत आलंय. दर रविवारी मी ती घंटा मीठ आणि व्हिनेगर लावून स्वतः घासते. आल्या-गेल्याला ती दाखवते आणि जरा जास्तच दाखवते, असं लोक म्हणतात.

राणीचा राज्याभिषेक झाला, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. थिएटरात एक जुनं पाच अंकी नाटक चाललं होतं. मिस्टर अँब्रोझ पेल त्यात पहिल्या अंकात निरोप्या व्हायचे आणि शेवटच्या अंकात न्यायाधीश. वय एकाहत्तर, त्यातली पन्नास वर्षं याच थिएटरात गेलेली. बायको नाही, पोर नाही. मधला सवा तास ते आमच्याकडे बसायचे. अंगात लाल झगा, मांडीवर पांढरा टोप, समोर काळ्या बिअरचा अर्धा ग्लास. जागाही ठरलेली, घंटेच्या बरोब्बर खाली, भिंतीला पाठ लावून.

त्याच्या दोन वर्षं आधी, हिवाळ्यात, एके दिवशी घंटा वाजली आणि पेल बोलतच राहिले. डोक्यावर घंटा खणखणतेय आणि हे आपले शांतपणे सांगताहेत, मटणाच्या पॅटिसमध्ये पूर्वी किती मांस असायचं! मी जाऊन त्यांचा ग्लास उचलला. "चला मिस्टर पेल, वेळ झाली."

ते उठले आणि गेले. तेव्हापासून रोज घंटा वाजली की मी ग्लास उचलायचे. यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. रंगमंचावर त्यांचं अडत नव्हतं. नाटक पाठ, आणि समोरच्याचे ओठ बघून त्यांना सगळं कळायचं. पण कान गेलेत हे वर कळलं असतं तर त्यांना घरी बसवलं असतं. आदल्याच वर्षी दोनदा वाक्य विसरलेल्या एका नटाला आठवड्याच्या आत नारळ मिळाला होता. पेल घरी बसले असते म्हणजे कुठं? कापडवाल्याच्या माडीवरच्या एका खोलीत. तिथं ते सहा महिनेसुद्धा जगले नसते, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं, पण सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. थिएटरची पोस्टरं छापणारा एनॉक सग्डन तेवढा मला चिडवायचा.

"हेस्टर, म्हाताऱ्याचा ग्लास रोज वेळेवर उचलतेस. माझा कधी उचलला नाहीस."

"तुझा रिकामा झाला तर उचलीन ना!"

मग जूनमध्ये थिएटरात नवी स्टेज मॅनेजर आली, मिस गार्नेट. तिशीची, हातात वही आणि केसात पेन्सिल. आल्या आल्या तिनं सांगितलं की आता मेकअपच्या खोल्यांत लाउडस्पीकर बसणार आणि नाटक चालू असताना कुणीही इमारतीबाहेर जाणार नाही. घंटा नीट चालत असेल तरच ती राहू द्या म्हणून मिस गार्नेट वरिष्ठांकडे शब्द टाकणार होती, नाहीतर तार कापून टाकायची.

बुधवारी संध्याकाळी तार ओढायला दुसऱ्या कुणाला तरी आत ठेवून ती स्वतः आमच्याकडे आली आणि थेट पेलच्या समोरची खुर्ची ओढून बसली. साडेआठ व्हायला आले होते, बाहेर अजून लख्ख उजेड होता. मी काउंटरमागे.

"मिस्टर पेल, खरं सांगा," ती म्हणाली, "ही घंटा चालते का?"

पेलनी ग्लास हातात घेतला. ग्लास त्यांच्याच हातात असल्यावर मी उचलणार काय?

"चालते का म्हणजे?" ते खुर्चीत ताठ झाले. न्यायाधीशाचा आवाज लागला. "अहो बाई, अख्ख्या परगण्यात अशी घंटा नाही! हेस्टर तिला पोटच्या लेकीसारखी जपते. चर्चची घंटा हिच्यापुढं काहीच नाही!"

आणि घंटा वाजली. त्यांच्या डोक्यावर, हातभर अंतरावर.

"आता थोड्या वेळात वाजेल," पेल म्हणाले. "तुम्ही स्वतःच ऐका. ऐकल्यावर मला सांगा."

घंटा वाजतच होती. एनॉकनं मान खाली घातली. मी काउंटरच्या बाहेर आले, पण तिच्यादेखत पुढे जाणार कशी? मिस गार्नेटनं आधी घंटेकडे पाहिलं, मग पेलकडे, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार, मला लपवता येतच नाही.

ती उठली. पेलच्या हातातला ग्लास तिनं हळूच काढून घेतला आणि त्यांच्यासमोर तोंड आणून सावकाश म्हणाली, "वाजली, मिस्टर पेल. छान वाजली. चला."

पेलनी टोप चढवला, तिला वाकून नमस्कार केला आणि मागच्या दारानं गेले.

मिस गार्नेट ग्लास हातात धरून तशीच उभी होती.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं."

"आणि एकदाही प्रवेश चुकला नाही?"

"एकदाही नाही."

"मग घंटा चालते," ती म्हणाली. वहीत तिनं तसं लिहिलंसुद्धा. दारापर्यंत गेली आणि वळली. "तुम्ही आजारी पडलात तर मला आधी कळवायचं. डॉक्टरच्याही आधी."

त्या दिवशी मी एनॉकचा ग्लास न मागता भरला. आयुष्यात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी अकराला दार उघडलं तर पेल पायरीवर उभे. कोट, मफलर, दाढी घोटलेली. आत आले, कुणी नाही ना ते पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकले.

"हेस्टर, काल थोडक्यात निभावलं बघ."

"काय निभावलं?" मी त्यांच्याकडे वळून विचारलं.

"तुझी घंटा गं. दोन वर्षं झाली, मुकी आहे ती. मला काय कळत नाही? वेळ झाली की तू स्वतः येतेस, ग्लास उचलतेस. म्हटलं, एवढी मिरवते त्या घंटेला, कशाला तिला तोंडावर पाडायचं. म्हणून मी कधी ब्र काढला नाही. काल तर चक्क खोटं बोललो तुझ्यासाठी." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "आणि ती पोरगीही भली निघाली हो. न वाजलेली घंटा वाजली म्हणाली. तिलाही तुझी दया आली असणार. पण आता दुरुस्त करून घे. प्रत्येक जण काही एवढं समजून घेणार नाही."

मला हसू फुटलं की रडू, ते माझं मलाच कळलं नाही. दोन वर्षं मी या माणसाला सांभाळतेय असं समजत होते, आणि हा गडी दोन वर्षं मला सांभाळत होता. मी त्यांच्यासमोर नीट उभी राहिले, ओठ दिसतील अशी, आणि म्हटलं, "तुमचे फार उपकार झाले, मिस्टर पेल. घेते दुरुस्त करून."

त्या संध्याकाळी साडेआठला घंटा खणखणली आणि थांबली. मी जाऊन ग्लास उचलला. पेलनी वर घंटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला.

"अजून नाही ना झाली?"

"माणूस यायचाय," मी म्हटलं.

"असू दे, असू दे," टोप चढवत ते म्हणाले. "मी आहे ना. कुणाला कळू देत नाही."