दहापासून मोजणारा टेप

मी एक जुना टेप आहे. गाण्यांचा नव्हे हं मित्रांनो, मोजायचा. पिवळी पोलादी पट्टी, पोटात स्प्रिंग. कारखान्यातून निघालो तेव्हा एखाद्या सुताराकडे जाईन असं वाटलं होतं. गेलो सरकारी कार्यालयात! कुणाला बाई म्हणून, अपंग म्हणून किंवा जातीवरून कामावर डावलायचं नाही, असा कायदा आहे. तो मोडल्याची तक्रार आली की हे कार्यालय चौकशी करतं. तिथल्या तपासनीस बाईंच्या पर्समध्ये मी बावीस वर्षं काढली. एकदा लोखंडी दारात सापडून माझं टोक तुटलं. तेव्हापासून बाई मला दहाच्या खुणेपासून धरत आणि शेवटी दहा वजा करत.

एकदा आम्ही बसच्या आगारात गेलो. तिथे ड्रायव्हरची उंची निदान एकशे साठ सेंटिमीटर हवी होती आणि भिंतीवर तशी लाल रेघ ओढलेली होती. एका गॅरेजवाल्याची मुलगी ड्रायव्हर व्हायला आली होती. सहा वर्षं ट्रक चालवलेला, उंची एकशे एकसष्ट, तरी ती रेघेच्या खालीच राहिली आणि तिला घरी पाठवलं. रेघच चुकली आहे, असं तिनं तक्रारीत लिहिलं होतं. त्या दिवशी ती हाताची घडी घालून उभी होती.

बाईंनी मला भिंतीला लावलं. रेघ निघाली एकशे सत्तरवर. आगाराचे साहेब हसले. टेपच मोडका आहे, म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दहापासून धरलाय, साहेब. दहा वजा करूनच सांगतेय," बाई शांतपणे म्हणाल्या.

मग त्यांनी पुरुष ड्रायव्हरांना विचारलं, तुम्हाला इथे कधी उभं केलं होतं? कुणालाच केलं नव्हतं. आपण स्वतः वीस वर्षं इथेच बस चालवली, असं साहेबांनी मघाशीच ऐटीत सांगितलं होतं.

"मग तुम्हीच जरा बूट काढून उभे राहता का?"

साहेब उभे राहिले. रेघ त्यांच्या डोक्याच्या चार बोटं वर होती. मुलगी तेव्हा पहिल्यांदा हसली.

महिनाभरात ती बस चालवू लागली. कार्यालयाच्या हुकुमाने रेघ पुसली गेली. आता बाई निवृत्त झाल्या आहेत. लाल किरणाने मोजणारं यंत्र आलं आणि मी खणात पडलो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, माझ्यासारख्यांना वापरून झालं की पुसून ठेवत जा, गंज लवकर चढतो. आणि कधी कुणाला मोजायची वेळ आलीच, तर आधी स्वतः त्या रेघेशी उभे राहा. बूट काढून.