मायच्या कानांवर हेडफोन

धम्मरत्नचं कामच ऐकण्याचं होतं. पुण्यातली एक कंपनी शाळेच्या पुस्तकांचे धडे वाचून घेऊन त्यांच्या फाइली पाठवायची आणि तो केनवडच्या आपल्या घरात कॉम्प्युटरसमोर बसून त्या साफ करायचा. वाचणाऱ्या बाईंचा श्वास मध्ये आला तर तो कमी करायचा, पान उलटल्याची सळसळ पुसायची, मागं पंखा घुमत असला तर तोही काढायचा. दोन-तीनदा त्याच्या फाइली परत आल्या. बारीक गुणगुण राहून गेली आहे, असं तिकडून कळवलं होतं. त्याला मात्र ती आपल्या जुन्या हेडफोनमधून ऐकूच येत नव्हती.

तेव्हा त्यानं चांगला हेडफोन घ्यायचं मनावर घेतलं आणि एकदा घेतलं म्हटल्यावर त्यातच बुडाला. जेवतानाही मोबाइलवर तेच. पाठ उघडी असलेला हेडफोन घेतला तर आवाज मोकळा येतो, पण बाहेरचं सगळं आत शिरतं, आणि घर तर बाजाराच्या रस्त्याला लागून. म्हणजे बंद पाठीचा हवा. त्यातला जो पसंत पडला, तो कॉम्प्युटरच्या भोकात नुसता खोचून वाजण्यातला नव्हता. आवाज मरतुकडा येतो, त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, असं सगळेच लिहीत होते. मग कोणता ॲम्प्लिफायर, याचा शोध सुरू झाला. बायको पल्लवी ऐकून घ्यायची, हं म्हणायची.

ती रिसोडच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची. वर्षभरापूर्वी तिनं एकदा त्याला सांगितलं होतं, की आईंना कमी ऐकू येतं असं वाटतं, एकदा दाखवून आणू. त्यानं हसण्यावारी नेलं होतं. माय पहिल्यापासूनच तशी, आपल्याच तंद्रीत राहणारी, असं म्हणाला होता. पल्लवीनं पुन्हा एकदा विषय काढला तेव्हा तो नुसताच चिडला.

आणि चिडत तो मायवरही होताच. भागिरथाबाईला एक गोष्ट तीनदा सांगावी लागायची. आणायला सांगावं मीठ, तर ती पीठ घेऊन यायची. पाण्याची मोटार चालू करून द्यायची आणि टाकी भरून पाणी अंगणभर झालं तरी तिला पत्ता नसायचा. हळूहळू त्यानं तिला काही सांगणंच सोडून दिलं. निरोप पल्लवीकडून जायचे.

पार्सल आलं त्या दिवशी पल्लवीला सुटी होती. धम्मरत्न खोका उघडत असताना स्वयंपाकघरातून जळका वास आला. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि माय कुकरकडे पाठ करून शांतपणे मेथी निवडत बसली होती. धम्मरत्ननं धावत जाऊन गॅस बंद केला आणि तिच्या पाठीमागूनच ओरडला, "बहिरी झाली काय तू? डोकंबिकं हाय का जागेवर?"

माय वळली. त्याचं तोंड तिला दिसलं. घाबरून तिनं सुनेला विचारलं, "काय म्हणला वं तो?"

पल्लवीनं नवऱ्याकडे पाहिलं. मग मायच्या समोर बसून, ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, "काई नाही आई. भूक लागली असं म्हणून राह्यले."

धम्मरत्न खोलीत परत आला. केबल जोडत राहिला, पण लक्ष लागत नव्हतं. माय ऐकू न आल्याचं सोंग करत नव्हती. तिला शिव्यासुद्धा ऐकू आल्या नव्हत्या.

दुपारी ती चहा घेऊन आली. तिच्यासाठी रागावलेल्या पोराची समजूत काढायचा हाच रस्ता होता. टेबलावरचा ॲम्प्लिफायरचा तो काळा डबा आणि त्याची गोल कळ पाहून तिनं विचारलं, हे काय आणलं. सांगून कळणार नाही म्हणून, आणि थोडं सकाळचं मनात डाचत होतं म्हणूनही, त्यानं तिला खुर्चीवर बसवलं आणि हेडफोन तिच्या कानांवर चढवला. एका धड्याची फाइल लावली. स्वतः ऐकायचा तेवढाच आवाज ठेवला.

माय त्याच्याकडे बघत राहिली. "काईच येत नाही."

त्याला वाटलं जोडणी चुकली. हेडफोन काढून स्वतः लावून पाहिला. बाई स्वच्छ वाचत होती. परत मायला लावला आणि कळ थोडी वर नेली. नाही. आणखी नेली. तरी ती नाहीच म्हणत होती. कळ अर्ध्याच्या पलीकडे गेली. हेडफोनच्या गाद्यांमधून आवाज बाहेर झिरपून आता त्याला उभ्या जागी शब्द कळू लागले. एवढा आवाज त्यानं स्वतःच्या कानाला कधी लावला नसता.

मग मायचा हात वर आला. "बाई बोलून राह्यली," ती म्हणाली. "विहिरीचं काईतरी सांगून राह्यली."

तिचा चेहरा असा फुलला, की धम्मरत्नला तिच्याकडे बघवेना. त्यानं धडा थांबवला, माइक जोडला आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाला, "माय."

ती दचकली. खोलीत इकडे तिकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. "तुहा आवाज जाडा झाला रे," ती म्हणाली. "तुह्या बाबावानी."

"पहिले कसा होता?"

"पहिले आयकू ये. मंग तू हळू बोलाले लागला. मले वाटलं, माह्याशी बोलाचा तुले कंटाळा येते."

माय माइककडे बोट दाखवून आणखी बोल म्हणत होती. त्यानं तिचं नाव घेतलं, पल्लवीचं घेतलं, शेजारच्या रंगूबाईचं घेतलं. दर नावाला ती मान हलवत होती.

पुढच्या आठवड्यात ती तिघं वाशीमला कानाच्या डॉक्टरकडे गेली. काचेच्या बंद खोलीत मायला बसवलं, तिथंही तिच्या कानांवर हेडफोन चढवला. आवाज आला की हात वर करायचा होता. धम्मरत्न काचेबाहेर उभा होता. तपासणाऱ्या मुलीची बोटं सारखी बटणांवर फिरत होती आणि मायचा हात मांडीवरच होता. परीक्षेला बसलेल्या पोरासारखी ती जीव लावून ऐकत होती.

डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून कमी झालं. धम्मरत्नला सांगता आलं नाही. पल्लवीनं सांगितलं. मोठा आवाज असलेल्या ठिकाणी कधी काम केलं का, असंही विचारलं. प्रश्न पल्लवीनं मायला समजावला, तेव्हा तिनं चटकन मुलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही. शेतातच होती मी."

"दालमिल," धम्मरत्न म्हणाला. "रिसोडले. मशीनीच्या धडधडीत. मी शाळेत होतो तवापासून, माही नोकरी लागेपर्यंत."

डॉक्टर लिहून घेत म्हणाले, की मशीन लावून बरंच सोपं होईल, पण शब्दांचा जो स्पष्टपणा गेला तो सगळा परत येणार नाही. लवकर आणायला हवं होतं.

दोन्ही कानांची मशीनं आली. सुरुवातीला मायचा त्यांच्याशी झगडाच होता. भांड्यांचा आवाज टोचायचा, रस्त्यावरचे हॉर्न डोक्यात जायचे, आणि माणसांचं बोलणं मात्र अर्धवटच यायचं. ती मशीनं काढून ठेवायची. धम्मरत्न आता चिडायचा नाही. समोर जाऊन बसायचा आणि सावकाश बोलायचा. कधी कधी मुद्दाम काहीतरी विचारायचा, आज भाजी काय, असं. मायला त्याचं नवल वाटायचं. एवढा वेळ पोरगं जवळ बसतंय, म्हणून ती खूश होती. तिच्या खुशीनंच त्याला जास्त अपराधी वाटायचं.

एका रविवारी संध्याकाळी घरापुढच्या ओट्यावर रंगूबाई येऊन बसली होती. पल्लवी शेजारीच दळण निवडत होती. आत धम्मरत्न कामाला बसणार, तेवढ्यात मायचं बोलणं कानावर आलं म्हणून हेडफोन हातातच राहिला.

माय सांगत होती, "कोणाचंच ध्यान नव्हतं. माह्या पोरानंच पकडलं. त्यानं ते टेबलावरचं मशीन माह्यासाठीच आणलं होतं, कानाले लावून पाह्यलं आणि लगेच वाशीमले नेलं."

रंगूबाईनं त्याला दारात पाहून आवाज दिला, "आमच्या बुढ्याचेही कान पाह्य बाप्पा, तुह्या मशीनवर."

पल्लवीची मान खालीच होती. बोटं गव्हातून फिरत होती. तिनं काही म्हटलं नसतं, आजही नाही आणि पुढंही नाही, हे धम्मरत्नला माहीत होतं. आत जाऊन बसणं सोपं होतं.

तो मायच्या समोर येऊन उकिडवा बसला. "माय, पल्लवीनं सांगितलं होतं मले," तो सावकाश म्हणाला. "वर्षभर पहिले. दोनदा. मी तिचं आयकलं नाही. आणि ते मशीन मी माह्या कामासाठी आणलं होतं."

मायला सगळं ऐकू आलं होतं. तिचं हसू जरा अडखळलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. रंगूबाई उगाच रस्त्याकडे बघू लागली.

मग माय ओट्यावर थोडी सरकली, पल्लवीच्या पुढ्यातलं सूप आपल्याकडे ओढलं आणि म्हणाली, "दे इकडं. दिवसभर खपून राह्यली तू. बस माह्यापाशी."

धम्मरत्न तिथंच बसून राहिला. त्याला कोणी ऊठ म्हटलं नाही, आणि बसही म्हटलं नाही.