पुडे बांधता बांधता डच

डच भाषेनं रंजीताला जीव नकोसा करून सोडला होता. 'मी उद्या भात रांधते' असं सरळ बोलायची सोयच नाही. 'मॉर्खन कोक इक राईस्ट', म्हणजे 'उद्या रांधते मी भात'! क्रियापद दुसऱ्या जागेवरच बसलं पाहिजे म्हणे. असल्या वाक्यांच्या तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. नवरा प्रवीण रॉटरडॅमला कामाला, सहा वर्षांची लेक दिव्यानी वर्षभरापासून त्याच्याजवळ. तिकडं राहायचा व्हिसा मिळायला लेकरांना परीक्षा नसते, बायकोला असते. असला कायदा करणाऱ्यांना आया नसतील काय!

आताशा फोनवर पोरगी डचमध्येच उत्तरं द्यायची आणि बाप मधे बसून मराठी करून सांगायचा. पोटच्या लेकीशी बोलायला दुभाष्या लागावा, याचं रंजीताला फार लागायचं. या खेपेला जमलं नाही तर पोरगी आपल्याला विसरलीच, असं तिनं धरून ठेवलं होतं.

मे महिन्यात धानोऱ्याला, तिच्या सासरी, घरदार बिड्यांसाठी तोडलेल्या तेंदूपत्त्यापुढं बसतं. रंजीता पुडे बांधता बांधता वाक्यं घोकू लागली. एक पान, उद्या. दुसरं पान, रांधते. मग मी, मग भात. सत्तर पानांचा पुडा होईपर्यंत पंधराएक वाक्यं व्हायची, आणि एकही चुकायचं नाही.

सासू रुखमाबाई कौतुकानं म्हणाली, "तोंडानं नाई, हातानं शिकून राह्यली पोरगी. आता पास होतेच."

मुंबईला, वकिलातीतल्या खोलीत, तिला संगणकापुढं बसवलं. कानात आवाज आला, उद्या तुम्ही काय रांधणार? रंजीताचे हात मांडीवर रिकामे पडले होते. पहिला शब्द आला, दुसरा काही केल्या येईना. बोटं चाळवून पाहिली, टेबल चाचपलं. तोवर पुढचा प्रश्न आला, तोही गेला. वेळ संपली तेव्हा ती नुसती हुंदके देत होती.

बाहेर फुटपाथवर एक बाई मेथीच्या जुड्या बांधत होती. रंजीता तिच्याशेजारीच बसली. काय करावं सुचेना म्हणून समोरच्या काड्या उचलून जुळवू लागली, आणि तोंड सुटलं. मॉर्खन कोक इक राईस्ट. सकाळी काय खाते, कुठं राहते, नवरा काय करतो, सगळं धडाधड, प्रत्येक शब्द जागच्या जागी. डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि वाक्यं काही थांबेनात.

भाजीवाली घाबरून म्हणाली, "ताई, कुठली गं ही भाषा?"

"माह्या पोरीची," रंजीता म्हणाली.