खाडीत मुका पडलेला भोंगा

मित्रांनो, मध्य प्रदेशातल्या बालाघाटला वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर राजेंद्र नावाच्या एका निवृत्त नौसैनिकाचं घर आहे. त्या घरातल्या लोखंडी कपाटावर एक हातभोंगा पडलेला असतो. त्याचा पांढरा रंग पिवळा पडला आहे आणि मुठीजवळ चीर गेली आहे. तो भोंगा म्हणजे मी. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं थोडं चांगलं घडलं आणि एक गोष्ट लाजिरवाणी घडली. चांगलं आधी सांगतो, नाहीतर लाज कशाची ते तुम्हाला कळणार नाही.

माझी बनावट साधी आहे. पुढे कर्णा, मागे सेल ठेवायची डबी आणि मुठीत एक खटका. खटका दाबून माणूस हळू बोलला तरी त्याचा आवाज चारपाचशे मीटरवर ऐकू जातो. कारखान्यातून माझ्याबरोबर निघालेले काही भोंगे प्रचाराच्या जीपवर गेले, काही शाळांच्या मैदानांवर गेले. मला एका युद्धनौकेवर पाठवण्यात आलं. खोक्यात असताना मी फार फुशारलो होतो. मला वाटलं, आता आपण डोंगराएवढ्या जहाजावर राहणार.

खोकं उघडलं तेव्हा माझा हिरमोड झाला. आमची युद्धनौका अगदीच छोटी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत साठ-सत्तर पावलं. पुढे एक तोफ आणि पंचवीस-तीस माणसं. बंदरात शेजारी मोठी जहाजं उभी असत. त्यांच्या बाजूला आमची नौका म्हणजे म्हशीजवळ उभं राहिलेलं करडू. मला तिच्यावर असण्याची लाज वाटायची. ही माझी पहिली लाज, आणि ती उगाचच होती.

आमचं काम पश्चिमेकडच्या एका खाडीच्या तोंडाशी होतं. त्या पाण्याबद्दल दोन देशांचा वाद आहे. सीमेची रेषा आपण नकाशावर एकीकडून काढतो, पलीकडचे दुसरीकडून काढतात. पाण्यावर मात्र कुठलीच रेषा नसते. तिथे पाणी उथळ आहे, खाली चिखलाचे बांध आहेत आणि ते दर भरतीला जागा बदलतात. मोठं जहाज तिथे शिरलं तर रुतून बसेल. आणि समजा शिरलंच, तर पलीकडूनही मोठं जहाज निघेल, दोन्हीकडच्या तोफांची तोंडं फिरतील, आणि सकाळी नुसती पाहणी करायला निघालेल्या माणसांवर दुपारी लढाई ओढवेल.

आमची नौका गेली तर असं काही होत नसे. ती उथळ पाण्यात शिरायची आणि पलीकडच्या गस्तीनौकेसमोर जाऊन उभी राहायची. त्यांच्या माणसांचे चेहरे आम्हाला दिसत, आमचे त्यांना. त्यांच्याकडेही माझ्यासारखाच एक भोंगा होता. ते म्हणत, हे पाणी आमचं आहे, परत जा. आम्ही म्हणत असू, हे पाणी आमचं आहे, तुम्ही परत जा. मग दोन्ही नौका थोडा वेळ उभ्या राहत आणि आपापल्या वाटेनं जात. कोणी मागे हटलं नाही आणि कोणी मेलंही नाही. हे काम डोंगराएवढ्या जहाजाला जमलं नसतं. बोलण्यासाठी जवळ जावं लागतं, आणि जवळ जाणं लहान नौकेलाच जमतं.

याहून मोठं काम आपल्याच मच्छीमारांना सांभाळायचं होतं. मासळीच्या मागे जाताना रेषा कुठे आली हे त्यांना कळत नसे. पलीकडे गेले की पकडले जात, वर्ष-वर्ष तुरुंगात राहत आणि बोट कायमची जात असे. म्हणून आम्ही त्यांच्या जवळ जायचो आणि माझ्या तोंडून त्यांना मागे वळवायचो. दोन वर्षांत मी किती बोटी वळवल्या त्याची गणती नाही.

मला हातात धरणारा माणूस म्हणजे हा राजेंद्र. त्याचे वडील पुनाराम तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते. समुद्र पाहिलेला त्या घरातला तो पहिलाच. पालघरकडच्या मच्छीमारांशी मराठीत बोलणारा माणूस हवा, म्हणून कॅप्टननी मला त्याच्याकडे सोपवलं होतं. रोज सकाळी माझी डबी उघडायची, सेल काढायचे, आतल्या पितळी पट्ट्या कोरड्या फडक्यानं पुसायच्या आणि एकदा बोलून पाहायचं, असं त्याचं काम ठरलेलं होतं. समुद्राची खारी हवा पितळेला सोडत नाही. पहिली दोन वर्षं त्यानं एक दिवसही खाडा केला नाही. मग हळूहळू त्याला वाटू लागलं, रोज तर चालतो, एक दिवस नाही पाहिलं तर काय होतं. एकाचे दोन दिवस झाले, दोनाचे तीन.

फेब्रुवारीतली एक सकाळ होती. पाण्यावर विरळ धुकं होतं. आमच्या नौकेवरचा मोठा स्पीकर दुरुस्तीला गेलेला होता, त्यामुळे सगळी मदार माझ्यावर होती. समोर एक मासेमारी बोट दिसली. तिच्यावर पाच माणसं होती. चौघं जाळं ओढत होते, एक जण सुकाणूवर होता. ओहोटी त्यांना रेषेकडे नेत होती आणि कोणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. त्यांचा रेडिओ बंद होता. आमची नौका हुकुमाप्रमाणे जिथवर जायला मुभा होती तिथवर गेली आणि थांबली. आमच्यात आणि त्यांच्यात तीनशे मीटर पाणी असेल. कॅप्टननी दोनदा सायरन वाजवला, पण जाता-येता ओळख म्हणूनही आम्ही तो वाजवत असू. त्यांना त्यात वेगळं काही वाटलं नाही.

राजेंद्र नौकेच्या टोकाला गेला. मला तोंडाशी धरून त्यानं खटका दाबला. माझ्यातून नुसती खरखर झाली आणि तीही थांबली. त्यानं पुन्हा दाबला. मला हाताच्या तळव्यावर आपटलं. मग तो नुसत्या घशानं ओरडू लागला, पण वारा उलटा होता. माझ्या डबीतल्या पट्ट्यांवर हिरवा थर चढला होता आणि मी मुका झालो होतो.

सुकाणूवरच्या माणसानं आमच्याकडे पाहिलं. तोंडाशी भोंगा धरून हात हलवणारा एक नौसैनिक त्याला दिसला. त्यानं हात वर करून हसत हलवला. जाळं ओढणाऱ्यांपैकी दोघांनीही हलवला. त्यांना वाटलं, आम्ही राम राम करतो आहोत. मित्रांनो, ते हलणारे हात मी आजही विसरू शकत नाही.

आमची रबरी होडी पाण्यात उतरेपर्यंत पलीकडची वेगवान बोट तिवरांच्या आडून निघाली होती. पाचही जण पकडले गेले. ते चौदा महिन्यांनी सुटून आले. त्यांची बोट आली नाही.

चौकशी झाली. कॅप्टननी विचारलं, भोंगा सकाळी तपासला होता का. राजेंद्र म्हणाला, "हो साहेब, तपासला होता." तो खोटं बोलतो आहे हे त्या खोलीत त्याच्याखेरीज मला एकट्यालाच माहीत होतं. कागदावर लिहिलं गेलं की उपकरणात अचानक बिघाड झाला. दोष माझ्या नावावर लागला आणि मला निकामी ठरवण्यात आलं. टाकून द्यायच्या सामानात माझी रवानगी व्हायची होती, पण राजेंद्रनं परवानगी काढून मला स्वतःजवळ ठेवून घेतलं. का ते तेव्हा मला कळलं नाही. बहुतेक, ज्याच्यावर आपण आळ घातला त्याला टाकून देण्याचीही त्याला लाज वाटली असावी.

नोकरी संपल्यावर तो बालाघाटला आला. एका बँकेत सुरक्षा रक्षक म्हणून लागला. आम्रपाली ही त्याची बायको आणि प्रियंका त्यांची मुलगी. मला कपाटावर जागा मिळाली. तिथे मी अकरा वर्षं धूळ खात होतो.

गेल्या डिसेंबरात प्रियंकाच्या शाळेनं नौदल दिनासाठी राजेंद्रला बोलावलं. ती आता नववीत आहे. आमच्या नौकेचा फोटो पाहून ती जरा खट्टू झाली. बापाला म्हणाली, "बाबा, तुमची बोट येवढीशीच होती का?"

राजेंद्र म्हणाला, "हौ. येवढीशी होती म्हणूनच कामाची होती."

शाळेत त्यानं फळ्यावर खाडी काढून दाखवली. मोठं जहाज कुठे अडकतं आणि लहान नौका कुठून जाते, ते त्यानं हिंदीत फार छान समजावलं. भांडणाच्या पाण्यात तोफेआधी माणसाचा आवाज पोचायला हवा, असं तो म्हणाला. मुलं मन लावून ऐकत होती. मग त्यानं मला उचलून दाखवलं. एका मुलीनं विचारलं, "अंकल, ये अब चलता है क्या?"

तो म्हणाला, नाही, एक दिवस ऐन वेळी यंत्र अचानक बिघडलं आणि पाच माणसं पकडली गेली. यंत्राचा काय भरवसा. मुलांनी माझ्याकडे पाहून हळहळ व्यक्त केली आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या थांबायच्या आधीच त्यानं मला पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रियंकाला वाटलं, भोंगा दुरुस्त होतो का ते पाहावं. घरातला टॉर्च, आजोबांचा रेडिओ ती स्वतःच उघडून साफ करते. तिनं अंगणात बसून माझी मागची डबी उघडली. आतल्या पट्ट्या हिरव्यागार झालेल्या होत्या आणि सेलच्या जागी टणक खपली धरलेली होती. तिनं ती खिळ्यानं खरवडून पाहिली. मग ती बापाजवळ आली.

"बाबा, हे एका दिवसात नाही होत ना?"

हा गंज नंतरचा आहे, असं त्याला सांगता आलं असतं. ते निम्मं खरंही होतं. त्यानं तोंड उघडलं, पण मुलगी उत्तराची वाट पाहत त्याच्याकडे एकटक बघत होती. तो खाटेवर बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "नाही होत. मी तीन दिवस पाह्यलंच नव्हतं त्याले. अन् साहेबाले खोटं सांगतलं."

प्रियंकानं मला हळूच खाली ठेवलं. आम्रपाली दारात तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. ती म्हणाली, "आमाले सांगून काय होते? ज्याहिचं गेलं त्याहिले सांगा ना."

त्या माणसांचा पत्ता लागायला तीन आठवडे लागले. त्यांच्या बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीतून शेवटी बोटीच्या तांडेलाचा, म्हणजे तिच्या प्रमुखाचा नंबर मिळाला. राजेंद्रनं बँकेतून सुट्टी घेतली. मला समोर टेबलावर ठेवलं आणि फोन लावला. आम्रपाली आणि प्रियंका शेजारी बसल्या होत्या. तो सगळं सांगत गेला, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "दादा, चूक भोंग्याची नव्हती, माही होती. माफी मागाचं तोंड नाही मले, पण खरं काय ते तुमाले सांगाचं होतं."

मग तांडेल म्हणाला, "सुकाणूवर माझा धाकटा भाऊ होता, मी जाळं ओढत होतो. तो म्हणाला, नेव्हीवाले हात दाखवतायत, सगळं ठीक आहे. चौदा महिने तुरुंगात आणि नंतर घरी आल्यावरही मी त्याला बोल लावला, की तुझ्यामुळे बोट गेली, त्यांनी भोंग्यातून सांगितलं असणार आणि तू ऐकलं नाहीस. त्यानं समुद्र सोडला. आता वसईला रिक्षा चालवतो. माझ्याशी बोलत नाही." आणि त्यानं फोन ठेवला.

राजेंद्रचा चेहरा मी पाहिला आणि माझीच मला लाज वाटली. अकरा वर्षं मला वाटत होतं, आळ माझ्यावर आला, बिचारा मी. निर्जीव वस्तूवर आळ आला तर तिचं काय बिघडतं? इकडे एका जिवंत माणसानं आमच्या दोघांचा दोष स्वतःच्या सख्ख्या भावाकडून ऐकत इतकी वर्षं काढली होती. कागदावर उपकरणाचा बिघाड लिहिला गेला, पण तो कागद त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. खरं झाकून ठेवल्यानं तिथे वेगळ्याच माणसावर आळ आला होता.

राजेंद्रनं त्याच आठवड्यात आपल्या जुन्या कॅप्टनना पत्र लिहून सगळं कळवलं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. तांडेलाचाही पुन्हा फोन आला नाही. पण दहाएक दिवसांनी, सकाळी राजेंद्र कामावर निघाला असताना, एक अनोळखी नंबर वाजला. तो धाकटा भाऊ होता. दादा घरी येऊन गेला, एवढंच त्यानं सांगितलं. दोघांमध्ये काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि राजेंद्रनं विचारलं नाही.

मग तो म्हणाला, "मला एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्ही भोंगा तोंडाशी धरलेला मला दिसत होता. तुम्ही नक्की काय म्हणत होता?"

राजेंद्रनं डोळे मिटले. म्हणाला, "मागे फिरा, म्हणत होतो. रेषा जवळ आली, मागे फिरा."

"एवढंच?"

"हौ. एवढंच."

त्या माणसानं दीर्घ श्वास घेतल्याचं फोनमधून ऐकू आलं. मग रस्त्यावरची गडबड ऐकू आली, कोणीतरी त्याला रिक्षा पुढे घ्यायला सांगत होतं, आणि फोन बंद झाला.

मित्रांनो, मी आता दुरुस्त होणार नाही. माझ्या पट्ट्या गंजानं पार खाल्ल्या आहेत. तुमच्या हाती एखादी वस्तू कोणाच्या रक्षणासाठी दिली असेल, तर तिच्याकडे रोज एकदा पाहत जा, ती कितीही लहान असो. पाच मिनिटांचं काम असतं ते. आणि एखाद दिवशी तुमच्या हातून ते राहून गेलं, तर तसं सांगून टाका. वस्तूवर ढकलू नका. आम्हाला बोलता येत नाही, त्यामुळे आम्ही नाही म्हणत नाही. पण आमच्या गप्प राहण्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे आम्हालाही माहीत नसतं आणि तुम्हालाही.