चाकावरची दोन बोटं

डेल्मरने हवेच्या पंपाची नळी काढली, दोन पावलं मागे सरला आणि कॉफीचा मग ट्रकच्या हौद्याच्या कडेवर ठेवला. कॉफी हेलकावली, थांबली. मगात चहूबाजूंनी सारख्याच उंचीवर.

"बघ. सपाट," तो म्हणाला. "आता बोल."

टेसाने मगाकडे पाहिलं नाही. धाकट्या एमेटला तिने एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ट्रकमागे अडकवलेल्या ट्रेलरकडे ती पाहत राहिली. सासऱ्याचा, डेल्मरचा, हा ट्रेलर सासू आर्लीन गेल्यापासून अंगणात नुसता उभा होता. आज तो मुलांना घेऊन तळ्यावर निघायचा होता. आत पलंग, शेगडी, फ्रीज, भरलेली पाण्याची टाकी. आणि हे सगळं ओढणार होता तिच्या नवऱ्याचा, कोल्बीचा, ट्रक. मघाशी ट्रेलरचं नाक ट्रकमागच्या लोखंडी गोळ्यावर टेकलं तसा तो ट्रक कुत्र्यासारखा मागच्या पायांवर बसला होता. मग डेल्मरने मागच्या आसावर आठवड्यापूर्वीच बसवलेले रबराचे फुगे दाखवले, त्यांत हवा भरली, आणि ट्रक हळूहळू उठून उभा राहिला. कोल्बीने टाळी वाजवली होती. डेल्मरने कुणाला न सांगता केलेली तयारी होती ती.

"त्या वजन वाटून देणाऱ्या दांड्यांचं काय?" टेसाने विचारलं. "हिचला, त्या गोळ्याच्या जोडणीला, लावतात ते, स्प्रिंगचे."

"पोरी, घोड्यांचा ट्रेलर मी तीस वर्षं नुसत्या गोळ्यावर ओढला. घोडे आतल्या आत नाचायचे. हे पलंग काय नाचणार आहेत?"

"घोड्यांचा ट्रेलर याच्या निम्म्याने होता. आणि तुमचा तेव्हाचा ट्रक दांडगा होता."

"टेस, तू रात्रभर फोनवर हेच वाचत होतीस ना?" कोल्बी बर्फाची पेटी उचलून हौद्यात ठेवत म्हणाला. "डॅड, आता ती तुम्हाला आकृती काढून दाखवेल बघा."

"दाखवू दे. कॉलेजची फी वसूल झाली पाहिजे."

दोघं हसले. टेसाही थोडी हसली, कारण न हसणं हे या घरात भांडण मानलं जायचं. पण तिची नजर ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर होती. तिथे दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी कडी पक्की बसवलेली होती, साखळी अडकवायची असावी तशी. साखळी कुठेच नव्हती. कड्यांच्या आतल्या बाजूचा रंग मात्र घासून उडाला होता आणि खालचं लोखंड चकाकत होतं.

"या कशाला आहेत मग?"

"ट्रेलरबरोबरच आल्या होत्या." डेल्मरने डाव्या हाताने मग उचलला. उजवा जीनच्या खिशात होता.

तो हात टेसाने परवा इथे आल्यापासून नीट पाहिलाच नव्हता. एमेटला अजून एकदाही त्याने उचलून घेतलं नव्हतं. एवढी लहान पोरं माझ्या हातून निसटतात, असं म्हणून तो गालाला बोट लावून बाजूला व्हायचा. गेल्या पानगळीत तो पहिल्याच बर्फावर घसरला होता आणि मनगट मोडलं होतं, एवढं तिला फोनवर कळलं होतं. आता बरं आहे, असंही.

"निघायला हवं," कोल्बी म्हणाला. "दुपार झाली की टार्बेल घाटात वारा सुटतो."

घाटाचीच तर टेसाला कालपासून धास्ती होती. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खाली दिसेनाशी होणारी नदी, आणि उतारावर एकामागून एक वळणं.

"मॉम," जूनी हाक मारत होती. "मॉम, बघ ना."

पाच वर्षांची जूनी ट्रकच्या पुढच्या चाकापाशी पाठ लावून उभी होती. सकाळी ट्रेलर जोडण्याआधीही ती तिथेच उभी होती. चाकावरच्या पत्र्याच्या कमानीला तिचं डोकं बरोबर टेकत होतं, आणि मी ट्रकएवढी झाले, असं तिने सगळ्या घराला ऐकवलं होतं. डेल्मरने तिला त्याबद्दल एक बिस्कीट दिलं होतं.

"मी छोटी झाले," जूनी म्हणाली. तिचा ओठ थरथरत होता.

"छोटं कुणी होत नसतं, बाळा. टाचा टेकव."

"टेकवल्यात."

टेसा तिच्यापाशी गेली. जूनीच्या टाचा जमिनीला होत्या, पाठ ताठ होती, केसांचा भांग सकाळचाच होता. टेसाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोकं आणि पत्रा यांच्यामधून तिची दोन बोटं आडवी, सहज आत गेली.

तिने बोटं तशीच ठेवली.

"कोल्बी, इकडे ये."

"काय झालं?"

"पुढून उचललाय. गाडी उलाळ झाली आहे, मागे जड, पुढे हलकी."

"सपाट आहे गं, डॅडने आत्ताच—"

"मागून फुगवून वर आणलाय म्हणून सपाट दिसतोय. पुढच्या चाकांवरचं वजन गेलंय ते गेलंच आहे. घाटात तू स्टिअरिंग फिरवशील आणि चाकं नुसती घसरतील. ब्रेक तरी कशावर लागणार?"

कोल्बीने वाकून पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा बदलला, असं टेसाला वाटलं. मग त्याने वडिलांकडे पाहिलं आणि तो सरळ झाला.

"दोन बोटांनी काय होतं?" डेल्मर म्हणाला. तो जागचा हलला नव्हता. "जनावरावर ओझं घातलं की ते जरा मान वर करतंच."

"मग मी मुलांना माझ्या छोट्या गाडीत घेते," टेसा म्हणाली. आवाज शांत ठेवायला तिला जोर लावावा लागला. "तुम्ही दोघं पुढे व्हा. मी मागून येते."

कुंपणापलीकडे शेजाऱ्यांच्या पाण्याच्या पंपाची टकटक तेवढी ऐकू येत होती.

"टेस," कोल्बी हळूच म्हणाला.

"राहू दे," डेल्मर म्हणाला. "आई आहे ती. तिला माझ्या हातची जोडणी नको असेल तर नको." त्याने मगातली कॉफी मातीत ओतली आणि तो शेडच्या दिशेने निघून गेला.

कोल्बीने तिच्याकडे पाहिलं नाही. बर्फाच्या पेटीचं झाकण त्याने उघडलं, आत काही नसावं तसं पाहिलं आणि लावलं. "अडीच वर्षांनी म्हातारा घराबाहेर पडायला तयार झालाय," तो म्हणाला. "तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे."

"मग?"

तिने एमेटला त्याच्या हातात दिलं आणि मुलांची पोहायची जॅकेटं आणायला ती ट्रेलरमध्ये चढली.

आत बंद कपाटाचा आणि साबणाचा वास होता. आर्लीनचा. टेसाने जेवणाच्या बाकावरची उशी बाजूला केली आणि फळी उचलली. जॅकेटं तिथे नव्हती. फिक्या निळ्या फ्लॅनेलच्या गाऊनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. तिने ते ओढलं, पण हललं नाही. तिने दुसरा हात लावला. गाऊनची बाही सुटली आणि आतून ग्रीस माखलेला काळा, वाकडा दांडा दिसला. त्याच्या टोकाला साखळी. शेजारी तसाच दुसरा दांडा. गोळा बसवलेला एक लोखंडी ठोकळा आणि हातभर लांब पाइप.

साखळीची एक कडी लाल होती. टेसाने नखाने खरवडून पाहिलं. नेलपॉलिश होतं, आर्लीन रविवारी लावायची तेच.

"जॅकेटं पलंगाखाली आहेत," दारातून आवाज आला.

डेल्मर पायरीवर उभा होता. त्याने उघडी फळी पाहिली, गाऊन पाहिला. आत आला नाही.

"साखळीची कुठली कडी अडकवायची ते मी विसरायचो," तो म्हणाला. "म्हणून तिने रंगवून ठेवली. ती जॅक फिरवायची, मी दांडे चढवायचो. जॅकने नाक वर घेतलं की साखळी सैल होते, मग दांडा चढवायला सोपा. मी म्हणायचो, पुरे. ती म्हणायची, आणखी चार फेरे. आणि द्यायचीच."

टेसाने लाल कडीवरून बोट फिरवलं.

"पानगळीत मी एकटाच तळ्यावर निघालो होतो. तिच्या वाढदिवसाला. कुणाला सांगितलं नव्हतं." त्याने उजवा हात खिशातून काढला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला. मूठ वळायला लागली आणि अर्ध्यावर थांबली. "चार फेरे दिले नाहीत. पाइप उलटून मनगटावर बसला."

"बर्फ?"

"बर्फ नंतर पडला."

बाहेर कोल्बी जूनीला काहीतरी समजावत होता. जूनीला ते पटत नव्हतं.

"कोल्बीला कळलं तर तो आधी माझी गाडीची किल्ली काढून घेईल," डेल्मर म्हणाला. "मग हे घर विकायला काढेल. चांगला पोरगा आहे. म्हणूनच काढेल." तो थांबला. "फुग्यांनी भागेल असं मला खरंच वाटलं होतं. मुलांच्या जिवाशी खेळणारा नाही मी, पोरी."

"माहीत आहे मला."

ती फळीच्या कडेवर बसून राहिली. दूध दोनदा हुंगून पाहणारी, कुलूप लावून परत ओढून बघणारी, मुलांच्या खुर्चीचे पट्टे तीन तीन वेळा ताणणारी, अशी तिची या घरात ख्याती होती. नाताळच्या जेवणात तिची नक्कल व्हायची. ती हसायची आणि ताटात बघायची. गाऊनची सुटलेली बाही तिने घडी घालून आत सारली, मग दोन्ही हातांनी एक दांडा उचलला आणि डेल्मरच्या शेजारून खाली उतरली.

"कोल्बी, दांडे सापडले."

"कसले?"

"हिचचे. बाकाखाली होते. हे लावल्याशिवाय मी हलणार नाही."

"टेस, डॅड म्हणतायत ना—"

"डॅड म्हणू देत. त्यांना नकोच आहेत. माझ्या जिवाला शांती नाही, माझ्यासाठी लाव. भित्री समज, डोकं फिरलेली समज. आणि दांडे मीच चढवणार आहे, म्हणजे पुढच्या वेळी कुणाची विनवणी नको. डेल्मर मला नुसतं सांगतील."

कोल्बी तिच्याकडे, मग वडिलांकडे पाहत राहिला.

"घे," डेल्मर पायरीवरून म्हणाला. आवाजात नेहमीचा तिखटपणा परत आला होता, पण तो टेसाकडे पाहत नव्हता. "भित्रीपुढे कुणाचं चाललंय? जा, ठोकळा बदल. वाऱ्याआधी निघायचंय की नाही?"

कोल्बीने एमेटला गवतावर चादर टाकून बसवलं, ट्रेलर सोडला, कुरकुरत ठोकळा बदलला आणि ट्रेलर पुन्हा जोडला. डेल्मर मान वाकडी करून गोळ्याची उंची बघत होता, एक भोक वर, नाही, खाली, असं सांगत होता. टेसाने जॅक फिरवायला घेतला. ट्रेलरचं नाक वर येऊ लागलं, त्याबरोबर ट्रकची पाठही. तिच्या तळव्यांना फोड येतील असं वाटलं.

"पुरे का?" तिने विचारलं.

डेल्मरने तोंड उघडलं, मिटलं. जूनीच्या डोक्यावर त्याचा डावा हात होता.

"आणखी चार," तो म्हणाला.

तिने चार फेरे दिले. साखळीची लाल कडी सांगाड्यावरच्या त्या लोखंडी कडीत अडकवली, पाइप घातला, आणि अंग बाजूला ठेवून, त्याने सांगितलं तसं, वर रेटला. दांडा एका हाताने चढला. ती तशीच उभी राहिली, अजून काहीतरी जड येईल या अपेक्षेने. मग दुसऱ्या बाजूचा. जॅक खाली घेतला तसे दोन्ही दांडे किंचित वाकले आणि साखळ्या ताठ झाल्या. डेल्मर गुडघा टेकून मागच्या चाकापाशी बसला आणि फुग्यांतली हवा सोडू लागला. सुस्काऱ्यासारखा आवाज बराच वेळ येत होता.

"जूनी, जा, बघ," तो न वळता म्हणाला.

जूनी धावत गेली, पाठ लावली, डोळे मिटले. टेसाने तिच्या डोक्यावर हात नेला. बोट आत जाईना.

"टेकलं?" जूनीने डोळे न उघडता विचारलं.

"टेकलं."

कोल्बी साखळीपाशी उकिडवा बसला होता. लाल कडी त्याने अंगठ्याने चाचपली, पुन्हा चाचपली. मग हात पुसत उठला. टेसा मुलांना मागच्या सीटवर बसवत होती तेव्हा तो ट्रकला वळसा घालून वडिलांपाशी गेला आणि खिशातून किल्ली काढली.

"अंगणाच्या फाटकापर्यंत तुम्ही न्या, डॅड," तो म्हणाला. "स्टिअरिंग हलकं लागतंय का ते तुम्हालाच कळेल. पुढे मी आहे."

डेल्मरचा उजवा हात खिशातच होता. कोल्बीने किल्ली मुळात तिकडे धरलीच नव्हती. ती त्याने डेल्मरच्या डाव्या बाजूला धरली होती, किल्लीचा दात आत वळवून, लहान मुलाला कात्री देतात तशी.

टेसाने ते खिडकीतून पाहिलं. मग ती एमेटवर वाकली आणि त्याचा पट्टा तिसऱ्यांदा ओढून पाहिला. या वेळी कुणी हसलं नाही.