दुसरा घोट

मित्रांनो, भोपळा म्हटलं की तुम्हाला आधी परीक्षेतले गुण आठवतात आणि मग नाक मुरडून खाल्लेली भाजी. मी त्या दोन्हींतला नाही. मी एक जुना, वाळलेला, आतून पोकळ भोपळा आहे. मनोरच्या पलीकडे डोंगराला टेकून एक पाडा आहे, तिथं जान्याच्या छपरावर चढलेल्या वेलाला मी लागलो. माझी भावंडं कोवळेपणीच कालवणात गेली. मला जान्यानं बियाण्यासाठी राखलं होतं, पण माझं टणक अंग पाहून त्याचा विचार फिरला. त्यानं माझं तोंड कापलं, गर आणि बिया कोरून काढल्या, मला महिनाभर चुलीच्या धुरात टांगलं आणि गळ्यात दोरी बांधून ताडी उतरवायच्या कामाला जुंपलं.

मला कमरेला बांधून जान्या ताडावर सरसर चढायचा. लग्न असो, बारसं असो, पाहुणे आधी माझ्याकडे बघायचे आणि मग नवऱ्यामुलाकडे नाहीतर बाळाकडे. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? जान्याचा मुलगा बुधा पाच वर्षांचा असल्यापासून माझ्या तोंडाला तोंड लावायचा. मोठी माणसं कौतुकानं हसायची, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आता ते आठवलं की लाज वाटते.

जान्या गेला. बुधा बोईसरच्या एका कारखान्यात कामाला लागला आणि त्याला ताडी पुरेनाशी झाली. तो बाटल्या आणू लागला. माझं काम सुटलं. मी आढ्याला लटकून राहिलो, कोळ्यांनी माझ्या तोंडावर जाळी विणली, आणि खालचं सगळं मला वरून दिसत राहिलं. एका संध्याकाळी तो पिऊन आला आणि सपनाला, आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, सायकलवर बसवून दुकानात निघाला. दोघं रस्त्याखालच्या मोरीत पडली. सपनाचं डावं कोपर अजूनही पुरतं सरळ होत नाही.

त्या दिवशी त्याची बायको नवसी रडली नाही की ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, “आता परत प्यालास ना, तर मी पोरीला घेऊन आयकडं जाईन. मागं येऊ नको.” नवसी बोलते ते करते, हे पाड्यावरचं कुत्रंसुद्धा जाणतं.

त्यानंतर बुधा पाम गावाच्या रस्त्यावर एका बालवाडीच्या खोलीत जाऊ लागला. दर रविवारी संध्याकाळी तिथं दारू सोडू पाहणारी माणसं जमतात. प्रत्येकजण उभा राहून आपलं नाव सांगतो आणि मी मद्यपाशी आहे असं म्हणतो. बारा पायऱ्या असतात, आणि आधी चढून गेलेला माणूस नव्याचा हात धरतो. बुधाचा हात धरला घिवलीच्या कमलाकांतकाकांनी. बोटीवरचा माणूस, चौदा वर्षं थेंब न घेतलेला. बुधा घरी येऊन चुलीपाशी बसून नवसीला सगळं सांगायचा, म्हणून मला हे ठाऊक. पहिली पायरी म्हणजे आपण हरलो हे कबूल करणं, ती त्याला सोपी गेली. देवाच्या स्वाधीन व्हायची वेळ आली तेव्हा तो अडला. “काका, तुमचा देव का आमचा?” त्यानं विचारलं. काका म्हणाले, “तुजा देव तू आन. मला त्याचं नाव पन सांगू नको.” बुधानं आपल्या पाड्याचा देव, हिरवा, धरला. मग आपल्या चुकांची पायरी आली. घिवलीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत होते, त्यांच्या शेजारी बसून त्यानं काकांना दुपारभर आपले गुन्हे सांगितले. नंतर ज्यांना दुखावलं त्यांच्या दारी गेला. नवसीचा भाऊ अंकुश, त्याला बुधानं एकदा काठीनं मारलं होतं. अंकुशनं त्याला अंगणात तासभर ताटकळत उभं ठेवलं आणि मग पाणी दिलं.

बघता बघता वर्ष भरत आलं. त्या मंडळींत वर्ष पुरं झालं की वाढदिवस करतात, केक कापतात. “बाबाचा पयला वाढदिवस!” म्हणून सपना पाडाभर सांगत सुटली होती. रविवारी तो व्हायचा होता, आणि शुक्रवारी घात झाला.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते. अंकुश पहाटेच्या ताज्या नीरेचं मडकं घेऊन आला. नीरा म्हणजे ताडाचा गोड रस, तिनं नशा येत नाही, लहान मुलंसुद्धा पितात. आतून चुना लावलेल्या मडक्यात ती गोड राहते. बुधाला मनापासून माफ केलं हे अंकुशला तोंडानं सांगता येत नव्हतं, म्हणून त्यानं नीरा आणली. पण मडकं त्याला परत हवं होतं. नवसीनं मला खाली काढलं, राखेनं घासलं, तीनदा कढत पाण्यानं धुतलं आणि नीरा माझ्यात ओतली.

मित्रांनो, तीनदा काय, तीस वेळा धुतलं असतं तरी काय होणार होतं? वीस वर्षांची ताडी माझ्या अंगात मुरलेली. नीरा आत पडली आणि थोड्याच वेळात मला ती ओळखीची चुळबुळ जाणवली. बारीक बुडबुडे उठू लागले. नवसीनं मला भाकरीबरोबर शेतावर नेलं, बुधा वालाला भर घालत होता तिथं पळसाच्या फांदीला टांगलं आणि ती लाकडं आणायला निघून गेली. ऊन चढलं. माझ्या तोंडाशी फेस आला, नीरा आंबून तिची ताडी झाली. फांदी मोडावी, दोरी तुटावी, मी पडून फुटावं, असं मला किती वाटलं! पण भोपळ्याच्या वाटण्याला कोण विचारतो?

दुपारी बुधा आला. तहानेनं त्याचे ओठ सुकले होते. त्यानं मला तोंडाला लावलं आणि एक मोठा घोट घेतला.

तो थांबला. त्याला कळलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. शेतात चिटपाखरू नव्हतं. मी मनात म्हणत होतो, ओत, बुधा, ओत. त्यानं मला पुन्हा तोंडाला लावलं आणि दुसरा घोट घेतला, लांब आणि सावकाश, डोळे मिटून.

मग एकदम त्यानं मला उलटं धरलं आणि उरलेलं सगळं मातीत ओतलं.

नवसी परतली तेव्हा तो म्हणाला, “आंबली व्हती. वतली.”

तिचा चेहरा उतरला. “तू प्यालास?”

“एक घोट गेला. कळलं नाय.”

दोन दिवस मी त्या घरात जीव मुठीत धरून होतो. नवसी स्वतःलाच बोल लावत होती, आणि तिनं स्वतःला बोल लावला की बुधा उठून अंगणात जायचा. सायकलची साखळी त्यानं तीनदा पुसली. भाकरी पुढ्यात तशीच राहायची. काकांचा फोन आला की तो वाजू द्यायचा. एकदा तर तो नुसता माझ्याकडे बघत बसला. दुसऱ्या घोटाचं तिसरं कोणीच जाणत नव्हतं, आणि मी बोलणार नव्हतो. आज ना उद्या हा माणूस ती गोष्ट लपवण्यासाठीच पुन्हा प्यायला लागेल, अशी मला धास्ती वाटत होती.

रविवारी नवसीनं मला पिशवीत घातलं. मी बालवाडीची खोली पाहिली ती अशी. केक आणून ठेवला होता. बुधाचं नाव पुकारलं तशी त्याच्या आधी नवसीच उठली आणि तिनं मला सगळ्यांसमोर धरलं. “ह्याच्यात मी नीरा घातली. ती आंबली. त्याला ठाव नव्हतं. चूक माजी हाय, त्याचं वरीस मोडू नका.”

खोलीत कुजबुज झाली. कारखान्यातला एक हिंदी बोलणारा कामगार म्हणाला, “गलती से पिया, वो पीना थोड़े ही हुआ!” माना डोलल्या. काकाही म्हणाले, “बराबर. बुधा, ये, केक काप.”

किती सोपं होतं! बुधा उठला. सुरी हातात घेतली आणि खाली ठेवली.

“मी बुधा. मी मद्यपाशी हाय,” तो म्हणाला. मग त्यानं नवसीच्या हातातल्या माझ्याकडे पाहिलं. “पयला घोट चुकून गेला. दुसरा मी घेतला. कळून घेतला.”

नवसीचे हात माझ्याभोवती असे आवळले की आता आपल्याला तडा जातो असं मला वाटलं.

“आनि तिसरा?” तिनं विचारलं.

“तिसरा नाय घेतला. वतला.”

नवसीनं मला जमिनीवर ठेवलं, सपनाचा हात धरला आणि ती बाहेर गेली. बुधा तिच्या मागे धावला नाही. मागं येऊ नको, असं तिनं बजावलं होतं ना. तो खाली बसला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “आज किती दिवस झाले तुजे?”

“दोन,” बुधा म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

प्रार्थना झाली, माणसं पांगली. बुधानं मला उचललं आणि मान खाली घालून तो दाराबाहेर आला. मला तर बाहेर बघवेना. नवसी रस्त्याच्या कडेला रिक्षापाशी उभी होती. सपना आत झोपून गेली होती.

“हा कशाला परत आनला?” माझ्याकडे बघत ती म्हणाली.

“टाकू?”

तिनं माझं तोंड हुंगलं. “नको. तो धुऊन सुधारत नाय, त्याला कोरडाच ठेवायला पायजे. बस आत. उद्या तुजा तिसरा दिवस हाय, पयल्या पाळीला जायचं ना?”

मित्रांनो, आता माझ्यात वालाचं बियाणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं भांडं असेल तर त्यात गोड काही ओतू नका. आणि बुधासारखा माणूस असेल तर त्याला एका घोटानं काय होतंय, असं कधी म्हणू नका. तो खरं सांगायला उभा राहिला, तर रागवा हवं तर, दाराबाहेर जाऊन उभे राहा. पण त्याला सोडून रिक्षा पुढे नेऊ नका.